मागाहून जडलेला रक्तस्रावाचा दोष: तो कसा ओळखावा आणि घरी कसा सांभाळावा

रक्त घेऊन झाल्यावर कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून धरायला सांगितला, की बहुतेक माणसे दोन-तीन मिनिटांत हात मोकळा करून निघून जातात. ज्याचा बोळा दहा मिनिटांनीही लाल होत राहतो, त्याला मी उठू देत नाही आणि एकच गोष्ट विचारते: असे कधीपासून होते? "लहानपणापासून, दुधाचा दात पडला तेव्हाही रक्त रात्रभर थांबले नव्हते, माझ्या मामालाही असेच व्हायचे," असे उत्तर आले, तर दोष जन्मजात, बहुधा हिमोफिलियासारखा आनुवंशिक असण्याची शक्यता मोठी. "गेल्या दिवाळीत दाढ काढली तेव्हा काही झाले नव्हते, हे महिन्याभरातले आहे," असे उत्तर आले, तर दोष मागाहून जडलेला आहे आणि त्याला काहीतरी कारण घडले आहे. पुढचे सारे लिखाण या दुसऱ्या प्रकारच्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. नमुने घेण्याच्या कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे, की मागाहून जडलेल्या दोषाचा शोध आधी घरातल्या औषधांच्या डब्यात घ्यावा आणि मग रक्तात.

आधी रक्त गोठण्याविषयी थोडे

रक्तवाहिनीला छेद गेला की प्रथम प्लेटलेट, ज्यांना पाठ्यपुस्तकात बिंबिका म्हणतात, त्या जागी चिकटून तात्पुरते बूच बसवतात, आणि मग रक्तातली गोठणारी प्रथिने, म्हणजे डॉक्टर ज्यांना क्लॉटिंग फॅक्टर म्हणतात ती, एकामागून एक जागी होऊन त्या बुचावर फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे विणतात. यांतली बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. त्यांपैकी दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार फॅक्टर कामाला लायक होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. स्निग्धांश काढून टाकलेल्या खाद्यावर वाढवलेल्या कोंबडीच्या पिलांना रक्तस्राव होतो, हे डेन्मार्कच्या हेन्रिक डॅम यांच्या ध्यानात आले आणि त्यातून या जीवनसत्त्वाचा शोध लागला. नावातले 'के' हे अक्षर गोठण्यासाठीच्या 'कोआगुलेशन' या शब्दावरून आलेले आहे.

दोष मागाहून जडण्याच्या वाटा त्यामुळे मोजक्याच राहतात. प्रथिने तयार करणारे यकृतच बिघडते, के जीवनसत्त्व मिळत नाही किंवा एखादे औषध त्याचे काम अडवते, शरीरात नको तिथे रक्त गोठत राहून सगळा साठा खर्ची पडतो, आणि क्वचित शरीर आपल्याच फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते.

औषधाच्या वाटेची कथा गोठ्यात सुरू झाली. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्लेली गुरे शिंगे कापण्यासारख्या किरकोळ कामातही रक्त वाहून मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातून डायकुमरॉल हे द्रव्य वेगळे काढले, आणि त्याच कुळातले वॉरफेरिन १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. माणसांचे औषध म्हणून त्याला १९५४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेल्या रुग्णांना सर्रास दिली जाणारी असिट्रोम, म्हणजे असिनोकुमरॉल, ही त्याचीच बहीण आहे. या गोळीला सगळे 'रक्त पातळ करणारी' म्हणतात आणि आता तो शब्द कोणी बदलेल असे मला वाटत नाही, परंतु रक्त त्याने पाण्यासारखे पातळ होत नाही. त्याचा दाटपणा तोच राहतो, गोठायला मात्र वेळ लागतो. हा फरक सांगावा लागतो, कारण "माझे रक्त आधीच पातळ आहे, मी अशक्त आहे" असे समजून गोळी स्वतःच बंद करणारे लोक मी पाहिले आहेत.

रक्त कुठून आणि कसे येते ते नीट पाहा

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी उजेडात अंग तपासावे. पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके असतील आणि काचेच्या पेल्याची कड दाबूनही ते फिके होत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, वारंवार घोळणा फुटत असेल, तर संशय प्रथम प्लेटलेटवर जातो. डेंगीच्या तापात दिसतात ते हेच ठिपके. याउलट मार लागल्याचे आठवत नसताना मांडीवर, दंडावर किंवा पाठीवर बशीएवढे काळे-निळे डाग पडत असतील, स्नायूत रक्त साकळून तो टणक होत असेल, जखमेचे रक्त आधी थांबून काही तासांनी पुन्हा सुरू होत असेल, तर गोठणाऱ्या प्रथिनांकडे बोट जाते. ही विभागणी काटेकोर नाही, यकृताच्या आजारात तर दोन्ही एकत्र दिसतात, परंतु डॉक्टरांना सांगायला ती उपयोगी पडते.

न दिसणारे रक्त जास्त धोक्याचे असते. डांबरासारखी काळी, चिकट आणि विशिष्ट दर्प असलेली शौच म्हणजे जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त वाहते आहे असे धरावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट आणि उग्र वासाची नसते. लघवी लालसर झाली तर आदल्या दिवशी बीट खाल्ले होते का ते आठवावे, आणि खाल्ले नसेल तर त्याच दिवशी तपासणी करावी. एका बाजूच्या जांघेत अचानक कळ येऊन पाय सरळ करता येईनासा झाला, तर ती नुसती लचक नसून कंबरेच्या आतल्या स्नायूत साकळलेले रक्त असू शकते. नेहमीपेक्षा वेगळी, वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, बोलताना जीभ अडखळणे किंवा एका हातातली ताकद जाणे, यांपैकी काहीही झाले तर तपासणीच्या कागदांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

विचारायचे ते प्रश्न

कोरा कागद घ्यावा, त्यावर पहिला डाग किंवा पहिला रक्तस्राव दिसल्याची तारीख लिहावी आणि तिच्या मागचे तीन महिने आठवून काढावेत. घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढे, गुडघ्यासाठी शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली पाकिटे एका पिशवीत भरून ती पिशवीच डॉक्टरांपुढे ठेवावी, कारण "बीपीची एक आणि ती छोटी पांढरी" या वर्णनातून कोणालाच काही कळत नाही. कावीळ झाली होती का, दारू किती वर्षांची आहे, बरेच दिवस प्रतिजैविके घेऊन जेवण सुटले होते का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, अँजिओप्लास्टी झाली आहे का, नुकतीच बाळंत झाली आहे का, शेतात किंवा गोठ्यात काही चावले का, हे सगळे लिहावे.

एक प्रश्न विचारायला अवघड जातो, तरी तो एकांतात आणि दोष न देता विचारलाच पाहिजे: घरातले उंदराचे औषध कोणी खाल्ले का? ब्रोमाडायोलोनसारखी हल्लीची उंदीरनाशके वॉरफेरिनच्याच कुळातली, पण कितीतरी पटींनी जास्त काळ टिकणारी असतात. खाल्ल्यावर पहिले दोन-तीन दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि मग रक्तस्राव सुरू होतो, आणि त्याला के जीवनसत्त्व काही आठवडे, कधी काही महिने द्यावे लागते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट वेगळी असते. तिने यकृतच जळते आणि रक्त त्यामुळे गोठेनासे होते. तिथेही मधले एक-दोन दिवस फसवे असतात. उलटी होऊन बरे वाटले म्हणून घरी थांबू नये आणि वेष्टन सोबत न्यावे.

निळ्या टोपणाची नळी

रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी नमुना निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत आधीपासून रक्त गोठू न देणारे सायट्रेटचे द्रावण असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण जमावे म्हणून नळीवर रेघ आखलेली असते. रक्त त्या रेघेपर्यंत भरले नाही, तर सायट्रेट जास्त होऊन निरोगी माणसाचे रक्तही उशिरा गोठल्यासारखे दिसते आणि घरात विनाकारण घबराट उडते. शीर सापडायला वेळ लागला, सुई फिरवावी लागली, नळी अर्धीच भरली, तर नमुना पुन्हा देण्याची तयारी ठेवावी. सलाइन चालू असलेल्या हातातून हा नमुना देऊ नये. नळी भरल्यावर ती जोरजोरात हलवायची नसते. तीन-चार वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची असते. हे आपल्याला दिसते आहे, तर पाहून घ्यायला आणि चुकल्यास म्हणायला हरकत नाही. मला तरी कोणी सांगितले तर राग येत नाही.

कागदावर साधारण तीन-चार आकडे येतात. प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, सेकंदांत मोजतात आणि त्यावरून आयएनआर हे सगळीकडे सारखे वाचता येणारे गुणोत्तर काढतात. रक्त पातळ करणारी गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. दुसरी तपासणी एपीटीटी, म्हणजे गोठण्याचा वेळच पण वेगळ्या वाटेने मोजणारी, तिसरा प्लेटलेटचा आकडा, जो साधारण दीड ते साडेचार लाखांच्या दरम्यान असावा, आणि गरज पडली तर फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिनचे धागे बनतात ते प्रथिन, जे एरवी १०० मिलिलिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असते. नुसता प्रोथ्रॉम्बिन टाइम लांबला तर गोळी, के जीवनसत्त्वाची कमतरता किंवा यकृत. सगळेच लांबले आणि सोबत प्लेटलेट व फायब्रिनोजेन दोन्ही खाली आले, तर साठा खर्ची पडतो आहे, असे ढोबळ वाचन आहे. नुसता एपीटीटी लांबला तर प्रयोगशाळा रुग्णाचा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढून उरलेला रक्ताचा द्रव, निम्मा-निम्मा मिसळून पाहते. मिसळल्यावर आकडा सुधारला तर फॅक्टर कमी आहे, नाही सुधारला तर त्याला अडवणारे काहीतरी रक्तात फिरते आहे.

सगळे आकडे चांगले असूनही रक्त थांबत नाही, असेही होते. अँजिओप्लास्टीनंतर अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांच्या प्लेटलेट मोजायला पुरेशा असतात, कामाला मात्र अर्धवट असतात. अॅस्पिरिनचा परिणाम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस, टिकतो. मूत्रपिंड निकामी झाल्यावरही असेच घडते. म्हणून नुसता 'नॉर्मल' कागद दाखवून समाधान मानू नये.

गोळीवर असलेल्या माणसाने काय करावे

या दोषाचे सर्वांत नेहमीचे आणि जाणूनबुजून पत्करलेले रूप म्हणजे असिट्रोम किंवा वॉरफेरिन. लहानपणी घसा सुजून आलेल्या सांधेदुखीच्या तापाने हृदयाची झडप खराब होण्याचे प्रमाण आपल्या देशात अजून बरेच आहे, त्यामुळे तिशी-चाळिशीतच व्हॉल्व्ह बदललेली माणसे गावोगाव भेटतात. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेने बनवलेला भारतीय व्हॉल्व्ह डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवला गेला. यांत्रिक व्हॉल्व्ह कोणताही असो, त्यावर गुठळी धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. मायट्रल जागेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या, यांत्रिक व्हॉल्व्हसाठी आयएनआर बहुधा २.५ ते ३.५ आणि पायाच्या शिरेतली गुठळी किंवा हृदयाची अनियमित लय यांसाठी २ ते ३ ठेवतात. आपला आकडा किती असावा हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि पाठ करावे. आकडा खाली गेला तर गुठळीची भीती आणि वर गेला तर रक्तस्रावाची, असा हा अरुंद बांध आहे.

गोळी रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्यावी. सकाळी आयएनआर तपासला आणि डोस बदलायचा ठरला, तर तो बदल त्याच संध्याकाळी करता येतो, हा त्यातला फायदा. अनेकांना सोमवार, बुधवार, शुक्रवार एक मात्रा आणि बाकीच्या दिवशी दुसरी अशी विभागणी दिलेली असते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी आणि गोळी घेतली की त्या तारखेवर फुली मारावी. असिट्रोम १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅममध्ये मिळते, म्हणून पाकिटावरचा आकडा दुकानातच वाचावा. संध्याकाळची गोळी विसरली आणि त्याच रात्री आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्यावी आणि दोन गोळ्या कधीही एकदम घेऊ नयेत.

खाण्याच्या बाबतीत जितकी भीती घातली जाते तितकी गरज नसते. मेथी, पालक, माठ, चवळीची पाने, शेवग्याचा पाला, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व भरपूर असते हे खरे, पण म्हणून ते बंद करायचे नसते. दर आठवड्याला साधारण सारखेच खाल्ले की डोस त्यानुसार बसतो. घोटाळा होतो तो बदलाने. पावसाळ्यात रानभाज्यांचा हंगाम आला आणि पंधरा दिवस रोज पालेभाजी झाली, तर आयएनआर उतरतो. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, भगर आणि रताळ्यावर काढले आणि पालेभाजी शून्यावर आली, तर तो चढतो. उपास करायचाच असेल तर आधी सांगावे आणि मध्ये एकदा तपासून घ्यावे. जुलाब, ताप आणि तोंडाची चव जाऊन जेवण तुटणे यांनीही आकडा वर जातो. गोळी चालू आहे तोवर दारूपासून दूर राहिलेले बरे.

खरे नुकसान होते ते दुसऱ्या औषधांनी. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एक बाई आहेत, ज्यांचा आयएनआर कित्येक महिने २.८ च्या आगेमागे असे. एकदा तो ७ च्या वर निघाला. त्यांना काहीच त्रास नव्हता, फक्त दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसत होते. डोस तोच, जेवण तेच. शेवटी पिशवी उलटी केली तेव्हा जुलाबासाठी दुकानातून घेतलेल्या पाच दिवसांच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट निघाले आणि त्यावर मेट्रोनिडॅझोल हे नाव होते. मेट्रोनिडॅझोल, को-ट्रायमॉक्सॅझोल, बुरशीवरचे फ्लुकोनॅझोल आणि हृदयाच्या लयीसाठीचे अमिओडॅरोन यांनी आयएनआर चढतो. तोंड आल्यावर लावायचे मायकोनॅझोलचे जेल निरुपद्रवी दिसते, पण तेही याच यादीत आहे. क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफॅम्पिसिनने आणि फिट्सच्या काही औषधांनी आकडा उतरतो, आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावर गोळीचा वाढवलेला डोस तसाच राहिला, तर काही आठवड्यांत तो भलताच वर जातो. म्हणून कोणतेही नवे औषध सुरू झाले किंवा जुने बंद झाले, की चार-पाच दिवसांत आयएनआर तपासावा. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन घेऊ नये. ती जठराला इजा करतात आणि प्लेटलेटही ढिल्या करतात. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरे, परंतु तेही रोज पूर्ण मात्रेत अनेक दिवस घेतल्यास आयएनआर वाढतो.

दंडात किंवा कुल्ल्यावर खोल इंजेक्शन शक्यतो टाळावे, कारण स्नायूत रक्त साकळते. लस घ्यायचीच असेल तर बारीक सुई वापरायला सांगावे आणि टोचलेली जागा न चोळता निदान दोन मिनिटे घट्ट दाबून धरावी. दाढ काढण्यासाठी पूर्वी सर्रास गोळी थांबवत असत. आता आयएनआर मर्यादेत असेल तर गोळी चालू ठेवून, टाके घालून आणि गुठळी टिकवून धरणाऱ्या ट्रॅनेक्झामिक अॅसिडमध्ये भिजवलेला बोळा चावायला देऊन ते काम होते. गोळी थांबवायची की नाही हे दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. ज्या स्त्रीला मूल हवे आहे, तिने दिवस राहण्याच्या आधी डॉक्टरांना गाठावे, कारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या गोळ्यांनी गर्भात व्यंग येऊ शकते.

आकडा वर निघाला पण रक्त कुठेही येत नाही, अशा वेळी डॉक्टर बहुधा एक-दोन मात्रा वगळायला सांगतात आणि पुन्हा तपासतात. ओळखीच्या माणसाकडून के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन टोचून घेण्याचा उद्योग करू नये. मोठ्या मात्रेने नंतर कित्येक दिवस गोळी लागू पडत नाही आणि तेवढ्या काळात व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते.

डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, म्हणून त्या मागणारे पुष्कळ आहेत. यांत्रिक व्हॉल्व्ह असलेल्यांना त्या चालत नाहीत, आणि सांधेदुखीच्या तापाने झडप अरुंद होऊन लय बिघडलेल्या रुग्णांतही जुनीच गोळी सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. आणखी एक: या नव्या गोळ्या घेणाऱ्याचा आयएनआर जवळपास ठीक दिसला, तरी त्यावरून त्याचे रक्त नीट गोठते असे समजू नये.

यकृत, कावीळ आणि तान्हे बाळ

सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत जाते त्या आजारात, फॅक्टर कमी बनतात आणि पाणथरी मोठी होऊन प्लेटलेट तिच्यात अडकतात, परंतु या रुग्णांना मारते ते बहुधा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांचे फुटणे. त्यांनी एंडोस्कोपीची ठरलेली तारीख चुकवू नये आणि वेदनाशामक गोळ्यांना हात लावू नये. पित्तनलिकेत खडा अडकून झालेल्या काविळीत यकृत शाबूत असते, पण पित्त आतड्यात न उतरल्याने के जीवनसत्त्व शोषले जात नाही. इथे इंजेक्शनने दिलेले के जीवनसत्त्व दिवसभरात आकडा सुधारते, आणि सिऱ्होसिसमध्ये तेच फारसे काम करत नाही. या एका फरकावरून डॉक्टर बरेच काही ताडतात.

तान्ह्या बाळाच्या अंगात के जीवनसत्त्वाचा साठा नसतो आणि आईच्या दुधातही ते फार थोडे असते. म्हणून जन्मतःच १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. घरी किंवा वाटेत प्रसूती झाली असेल तर ते राहून जाते आणि महिन्या-दोन महिन्यांच्या, अगदी गुटगुटीत बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो. नाळेच्या जागेतून रक्त पाझरले, तर हा प्रश्न आधी विचारावा.

घोणस आणि फुरसे

कोकणात आणि पावसाळ्यातल्या शेतात हा दोष एका क्षणात जडतो. घोणशीचे विष दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला, तर फुरशाचे विष प्रोथ्रॉम्बिनला, म्हणजे दुसऱ्या फॅक्टरला, चेतवते. रक्तात सर्वत्र बारीक-बारीक गोठणे सुरू होऊन काही तासांत फायब्रिनोजेन संपते आणि मग हिरड्यांतून, जुन्या खरचटलेल्या जागेतून, लघवीतून रक्त येऊ लागते. चावलेला भाग हलवू नये, आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, आणि १०८ ला फोन करून प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

तिथे होणारी तपासणी इतकी साधी आहे, की लहान आरोग्य केंद्रातही ती करता येते. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर ताजे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता उभी ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त गोठून तळाशी धरून राहिले तर ठीक, पाण्यासारखे ओघळले तर विष भिनलेले आहे. नळी काचेचीच लागते. प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी रक्तही नीट गोठत नाही. प्रतिविष दिल्यावर सहा तासांनी हीच तपासणी पुन्हा करतात. आपले बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. त्याच्याऐवजी नुसता प्लाझ्मा किंवा के जीवनसत्त्व देऊन भागत नाही, कारण विष जिवंत असेपर्यंत ते नवे फॅक्टरही खाऊन टाकते. पहिली तपासणी चांगली आली म्हणून घरी परतण्याचा हट्ट करू नये. रात्रभर तिथेच थांबावे.

असाच साठा खर्ची पडण्याचा प्रकार बाळंतपणात वार आधीच सुटल्याने, जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याने आणि रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात होतो. अशा वेळी नातेवाइकांना रक्तपेढीत पिटाळले जाते, तेव्हा एवढे माहीत असावे, की गोठवलेला प्लाझ्मा वितळायला अर्धा तास जातो, वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिलिटर या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला तीन-चार पिशव्या लागतात, आणि फायब्रिनोजेन भरून काढण्यासाठी क्रायोप्रेसिपिटेट ही वेगळी पिशवी असते. चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते निघतानाच वाचून घ्यावे.

अंगावर डाग पडलेले आजोबा

साठी-सत्तरी ओलांडलेल्या, कोणतीही गोळी न घेणाऱ्या माणसाच्या अंगावर अचानक मोठमोठे काळे-निळे डाग पडले आणि तपासणीत फक्त एपीटीटी लांबलेला निघाला, तर आठव्या फॅक्टरविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे मागाहून जडलेला हिमोफिलिया, आहे का ते पाहावे लागते. वर्षाला दहा लाखांत जेमतेम एखाद-दुसऱ्याला होणारा हा आजार कधी नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीलाही होतो. मिसळलेला प्लाझ्मा ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावरच यातला दोष स्पष्ट दिसतो, म्हणून तपासणी मोठ्या केंद्रात करावी. "वयाने कातडी पातळ झाली" म्हणून याला सोडून देतात आणि मग एखाद्या छोट्या शस्त्रक्रियेत रक्त थांबत नाही.

रक्त येऊ लागले तर

घोळणा फुटला तर मान मागे टाकून झोपवू नये. रक्त घशात उतरते. बसवून, पुढे वाकवून, नाकाचा मऊ भाग घड्याळ लावून पंधरा मिनिटे चिमटीत धरावा आणि मध्येच सोडून पाहू नये. कापल्यावर हळद, चुना, कॉफी भरण्यापेक्षा स्वच्छ कापडाची घडी तेवढाच वेळ सलग दाबावी. तेवढ्याने न थांबल्यास रुग्णालय.

गोळीवर असलेला माणूस पडून डोके आपटले, तर टेंगूळ आले नाही आणि तो नीट बोलतो आहे, या दोन्ही गोष्टींवर विसंबू नये. त्याच दिवशी सीटी स्कॅन करावा आणि पुढचा दिवसभर लक्ष ठेवावे. रुग्णालयात पोहोचताच पहिल्या वाक्यात गोळीचे नाव सांगावे, कारण केस पेपर भरून होईपर्यंत ती गोष्ट मागे पडते.

पाकिटात आधार कार्डाशेजारी एक छोटे कार्ड ठेवावे. त्यावर गोळीचे नाव आणि मात्रा, ती कशासाठी चालू आहे, आयएनआर किती हवा, शेवटचा किती आणि कोणत्या तारखेला आला, रक्तगट, आणि घरातल्या दोघांचे फोन नंबर एवढेच लिहावे. डोस बदलला की कार्ड त्याच संध्याकाळी नवे लिहावे आणि जुने फाडून टाकावे. खिशात दोन कार्डे सापडली, तर त्यांतले खरे कोणते हे बेशुद्ध माणसाला विचारता येत नाही.